सामूहिक कलानिर्मिती आणि नियंत्रणाचा त्याग : ‘मी’पासून ‘आपण’पर्यंत

घटक ३

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस,
• सामूहिक कलानिर्मिती ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• निर्मितीवरील ‘नियंत्रण’ म्हणजे काय, हे मराठी वाक्यरचनेच्या आधारे सांगता येईल.
• जात्यावरील ओवी, तमाशातील बतावणी व वग आणि कोल्हापूर परंपरेतील चित्रपट यांत कलावंत कोणते नियंत्रण सोडतो आणि कोणते राखतो, याचे विवेचन करता येईल.
• नियंत्रण स्वेच्छेने सोडणे आणि ते हिरावले जाणे यांतील भेद ओळखता येईल.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, साहित्याचा अभ्यास करताना आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो. कलाकृतीला एक कर्ता असतो, तिच्यातील प्रत्येक शब्द त्याने निवडलेला असतो आणि म्हणून तिच्या गुणदोषांचा धनीही तोच असतो. कादंबरी किंवा कवितासंग्रह वाचताना हे गृहीतक बहुधा अडचणीचे ठरत नाही. परंतु आपल्या भोवतालचा सगळा कलाव्यवहार त्यात मावत नाही. गावातल्या भजनी मंडळात उत्तररात्री रंगलेले भजन कोणाचे? शाहिराने उचललेला आणि झीलकऱ्यांनी पेललेला पोवाडा कोणाचा? गणेशोत्सवात वीस-पंचवीस हातांनी उभा केलेला देखावा कोणाचा? या प्रश्नांना एका नावाचे उत्तर देता येत नाही.

अशा निर्मितीत प्रत्येक सहभागी व्यक्तीला आपल्या हातातील काही तरी सोडून द्यावे लागते. मनात योजलेली ओळ, ठरवलेली गती, हवा असलेला शेवट, कधी कधी स्वतःचे नावसुद्धा. हे सोडणे सहज घडत नाही. ते शिकावे लागते. ते कसे शिकले जाते, कशाच्या आधारावर शक्य होते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हा या घटकाचा विषय आहे. आपल्यापैकी अनेकांनी अशा निर्मितीत प्रत्यक्ष भाग घेतलेला असेल. तो अनुभव वाचताना सोबत ठेवावा; येथील विवेचन त्यावर पडताळून पाहता येईल.

३.३ विषय विवेचन

३.३.१ नियंत्रण : भाषेची साक्ष

‘नियंत्रण’ हा शब्द प्रशासकीय वाटतो. तथापि भाषाविज्ञानात त्याला नेमका अर्थ आहे. एखादी क्रिया घडावी की न घडावी, हे ज्याच्या इच्छेवर अवलंबून असते त्याचे त्या क्रियेवर नियंत्रण असते. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) गंगूने ओवी रचली.
(आ) गंगूला ओवी सुचली.

दोन्ही वाक्यांत प्रसंग एकच असू शकेल. पण दोहोंत गंगूचे स्थान सारखे नाही. पहिल्या वाक्यात ती क्रिया करणारी आहे. दुसऱ्यात क्रिया तिच्या ठिकाणी घडते आहे आणि ती त्या घडण्याची अनुभव घेणारी आहे. हा भेद तपासण्याच्या दोन सोप्या कसोट्या आहेत. ‘गंगूने मुद्दाम ओवी रचली’ हे वाक्य स्वाभाविक वाटते, तर ‘गंगूला मुद्दाम ओवी सुचली’ हे कानाला खटकते. तसेच ‘ओवी रच’ अशी आज्ञा करता येते, ‘ओवी सुच’ अशी करता येत नाही. जे आपल्या इच्छेच्या कक्षेत नाही, त्याची आज्ञाही होऊ शकत नाही.

मराठीत अशा क्रियापदांचा मोठा गट आहे. सुचणे, आठवणे, कळणे, उमगणे, जमणे, भावणे, साधणे, आवडणे. अशा वाक्यांतील कर्ता कोणता, याविषयी वैयाकरणांत मतभेद आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब ही की, कलेविषयी बोलताना मराठी भाषक वारंवार याच गटाकडे वळतो. चाल ‘सुचते’, सूर ‘लागतो’, ताल ‘जमतो’, प्रयोग ‘रंगतो’. निर्मितीच्या ऐन क्षणी नियंत्रण पूर्णपणे आपल्याकडे नसते, ही जाण आपल्या रोजच्या बोलण्यात अशी मुरलेली आहे.

दुसरी साक्ष सर्वनामांची. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. ‘आम्ही नाटक बसवतो आहोत’ हे ऐकणारा प्रेक्षक ठरतो, तर ‘आपण नाटक बसवू’ हे ऐकणारा सहभागी होतो. तमिळ व तेलुगू भाषांत हा भेद आहे. हिंदी आणि इंग्रजी सर्वनामांत तो नाही. सामूहिक कलेत ‘मी’कडून ‘आम्ही’कडे जाणे तुलनेने सोपे असते, कारण ‘आम्ही’तही आपल्या गटाचे नियंत्रण शाबूत राहते. कठीण असते ते ‘आपण’कडे जाणे. तेथे समोरच्याला आपल्या निर्मितीत बदल करण्याचा अधिकार द्यावा लागतो.

३.३.२ जात्यावरील ओवी : ऐकण्याचे शिक्षण

महाराष्ट्रातील सामूहिक निर्मितीचे सर्वांत व्यापक उदाहरण म्हणजे जात्यावरील ओवी. पहाटे दळणाला बसणाऱ्या दोन स्त्रिया, सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय किंवा शेजारणी, जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत. खुंटा एकच आणि त्यावर दोघींचे हात. एकीने ओढायचे तेव्हा दुसरीने सैल सोडायचे आणि क्षणार्धात दुसरीने ओढायचे. एकीने आपल्याच वेगाने जाते फिरवू म्हटले तर दुसरीच्या हाताला हिसका बसतो. वैरण घाईने घातली तर पीठ जाडेभरडे पडते. जोर लावणे आणि जोर सोडणे या दोन्ही कृतींनी मिळूनच जाते फिरते. सामूहिक निर्मितीचा पहिला पाठ असा हातांतून घेतला जात असे.

हीच देवाणघेवाण ओवीत उतरते. एकीने पहिली ओळ म्हणावी, दुसरीने ती उचलावी, पुढची ओळ जोडावी किंवा त्याच धाग्यावर नवी ओवी घालावी. माहेरच्या वाटेविषयी सुरू झालेली ओवी दुसरीच्या तोंडी भावाकडे वळते, तेथून भावजयीच्या वागण्याकडे आणि तेथून कदाचित विठ्ठलाकडे. पहिलीच्या मनात काय होते, हा प्रश्न मागे पडतो. तिने टाकलेल्या ओळीतून काय निघाले, ते महत्त्वाचे ठरते. त्यामुळे ओवी गाणाऱ्या स्त्रीचे मुख्य कौशल्य केवळ रचना करण्याचे नसते. ते ऐकण्याचे असते. जी स्त्री आपली पुढची ओवी आधीच ठरवून बसेल, तिला समोरचीची ओवी नीट ऐकू येणार नाही आणि मग धागा तुटेल.

ही निर्मिती इतक्या सहजपणे कशी होते? मौखिक काव्याच्या अभ्यासातून याचे एक उत्तर मिळते. अमेरिकन अभ्यासक मिलमन पॅरी यांनी १९३०च्या दशकात तत्कालीन युगोस्लाव्हियातील लोकगायकांचा अभ्यास केला आणि त्यांचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो पुढे नेला. मौखिक गायक दीर्घ काव्य शब्दशः पाठ करीत नाही. परंपरेने हाती दिलेली सूत्ररूप पदबंधांची सामग्री वापरून तो गाता गाताच रचना करतो, असे त्यांनी दाखवून दिले. ओवीतही ठरावीक संबोधने, नात्यांची विशेषणे, उपमा आणि ओळीची वळणे यांचा मोठा सामाईक साठा असतो. हा साठा कोणा एकीच्या मालकीचा नसतो. प्रत्येक जण त्यातून घेते, त्यात भर घालते आणि तो पुढे देते.

साने गुरुजी, सरोजिनी बाबर यांच्यासारख्या संग्राहकांनी हे धन मोठ्या कष्टाने लिखित स्वरूपात आणले. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांवरील आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांसाठी वापरला जाणारा हा शब्द येथे दुहेरी अर्थाने शोभतो. हे वाङ्मय पुरुषांनी रचलेले नाही आणि कोणा एका व्यक्तीच्या कर्तृत्वाची मुद्राही त्यावर नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा.
१) ‘मला चाल सुचली’ या वाक्यातील ‘मला’ हे पद कोणाचा निर्देश करते?
(अ) आज्ञा देणारा (ब) अनुभव घेणारा (क) ऐकणारा (ड) वगळलेला
२) ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषी सर्वनाम कोणते?
(अ) मी (ब) आम्ही (क) आपण (ड) ते
३) मौखिक गायक सूत्ररूप पदबंधांच्या साह्याने रचना करतो, हे कोणी दाखवून दिले?
(अ) साने गुरुजी (ब) पॅरी व लॉर्ड (क) सरोजिनी बाबर (ड) कमलाबाई देशपांडे

३.३.३ तमाशा : स्वीकाराचे शिक्षण

ओवीत दोघी एकमेकींना अनुकूल असतात. तमाशातील बतावणीत समोरचा पात्रधारी मुद्दाम अडवणूक करतो, आणि त्या अडवणुकीतूनच प्रसंग पुढे जातो. गण, गौळण, बतावणी, वग असा तमाशाचा क्रम आपण लोकरंगभूमीच्या अभ्यासात पाहिलेला असेल. परंपरागत वगाला बहुधा अक्षर-अक्षर लिहिलेली संहिता नसे. कथानकाचा सांगाडा आणि प्रसंगांचा क्रम ठरलेला असे. संवाद नटांच्या हजरजबाबीपणावर सोपवलेले असत.

बतावणीतील सोंगाड्या समोरच्याच्या शब्दाचा भलताच अर्थ घेतो. या युक्तीचे स्वरूप दाखवण्यासाठी एक काल्पनिक संवाद पाहू.

सरदार : प्रधानजी, आपले महाराज गादीवर बसले!
सोंगाड्या : बसू द्या की. फक्त उसवू नका म्हणावं. कापूस लई महाग झालाय.

सरदाराच्या मनात ‘गादी’ म्हणजे सिंहासन होते. सोंगाड्याने ती अंथरुणातली गादी केली. आता सरदारापुढे दोन मार्ग आहेत. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ असे सांगून तो आपला मूळ अर्थ सोडवून घेऊ शकतो. मग संवाद तेथेच थांबेल आणि प्रेक्षकांतील हशाही विरेल. किंवा तो कापसाची महागाई मान्य करून पुढे जाऊ शकतो. कापूस महाग असूनही पिकवणाऱ्याच्या अंगावर सदरा का नाही, असे त्याने विचारले की राज्यारोहणाचा प्रसंग पाहता पाहता शेतकऱ्याच्या दैन्यापर्यंत पोहोचतो. असा शेवट दोघांपैकी कोणीही आधी योजलेला नसतो.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक मूलभूत तत्त्व दिसते. उच्चारलेला शब्द केवळ बोलणाऱ्याचा राहत नाही. त्याचा अर्थ काही अंशी ऐकणारा ठरवतो. रोजच्या व्यवहारात आपण हे मान्य करीत नाही आणि गैरसमज झाला म्हणून चिडतो. बतावणीचा नट मात्र गैरसमजालाच साहित्य मानतो. समोरच्याने जे केले ते नाकारायचे नाही. ते खरे धरून त्यात भर घालायची, हा त्याचा अलिखित नियम आहे. यालाच आपण ‘स्वीकार’ म्हणू. स्वीकार म्हणजे मूकपणे मान तुकवणे नव्हे. सरदाराने कापसाची गोष्ट मान्य केली. पण तिला त्याने स्वतःची दिशाही दिली.

लिहिणाऱ्या लेखकाला असा स्वीकार करता येतो का? वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य या प्रश्नाच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९६०च्या दशकात दादा कोंडके यांनी ते रंगभूमीवर गाजवले. सबनीसांनी वगाची चौकट घेतली, कथानक आणि संवाद लिहिले. पण या प्रकारात नटाला जागा सोडावी लागते हे त्यांना ठाऊक होते. कोंडके यांनी त्या जागा ताज्या घडामोडींवरील उत्स्फूर्त विनोदाने भरल्या. त्यामुळे छापील पुस्तक आणि प्रयोग यांत अंतर पडले, आणि एक प्रयोग दुसऱ्यासारखा राहिला नाही. येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न असा : या लोकनाट्याची ‘संहिता’ कोणती? पुस्तकात छापलेली, की एका विशिष्ट रात्री उभी राहिलेली? लेखकाने सांगाडा आपल्याकडे ठेवला आणि उच्चार नटाकडे सोपवला, असे म्हटल्यास दोहोंचा न्याय्य वाटा मान्य केल्यासारखे होते.

३.३.४ कोल्हापूरचा चित्रपट : अपुरे सोडण्याचे शिक्षण

चित्रपट ही स्वभावतःच सामूहिक कला आहे आणि महाराष्ट्रात तिची जी घडण झाली तिच्यात कोल्हापूरचे स्थान अग्रभागी आहे. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे आतेमामे भाऊ चित्रपटाकडे ओढले गेले आणि कॅमेरा स्वतःच घडवण्याच्या खटपटीला लागले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी, म्हणजेच बाबूराव पेंटर यांनी, तो ध्यास पुढे नेला, कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम अशी मंडळी तयार झाली. कंपनीत चित्रकला, सुतारकाम, छायालेखन, अभिनय अशी कामे काटेकोरपणे वेगळी नव्हती. आज देखावा रंगवणारा उद्या कॅमेऱ्यामागे उभा राही.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. तिच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा विचार आपल्या विषयाच्या संदर्भात अवश्य केला पाहिजे. व्हेनिस येथील महोत्सवात गौरव लाभलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन दामले व फत्तेलाल या दोघांनी मिळून केले. त्यांच्या नावांचा उल्लेखही ‘दामले-फत्तेलाल’ असा द्वंद्व समासासारखा जोडूनच केला जातो. द्वंद्व समासात दोन्ही पदे तुल्यबळ असतात. एक प्रधान आणि दुसरे गौण, अशी उतरंड त्यात नसते.

या चित्रपटाची पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे, तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनिसांची. यांतील प्रत्येकाचे काम स्वतंत्रपणे पाहिले तर अपुरे आहे. पटकथेतील वाक्य पागनिसांच्या मुद्रेवाचून पुरे होत नाही. मुद्रा सुरावाचून आणि सूर चौकटीतल्या दृश्यावाचून. एकट्याने लिहिणारा लेखक आपले वाक्य शक्य तितके पूर्ण करू पाहतो. सामूहिक कलेत काम करणाऱ्याला आपले काम योग्य जागी अपुरे सोडता यावे लागते. पुढच्याला काही करण्यास जागाच उरली नाही, तर त्याचे काम केवळ सजावटीचे ठरते.

याच चित्रपटासाठी गीतकार शांताराम आठवले यांनी एक पद लिहिले. ते तुकोबांच्या वळणाशी असे एकरूप झाले की, पुढे अनेकांनी त्याला तुकोबांचाच अभंग मानले. आठवल्यांनी नक्कल केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रसंगाला जे हवे होते ते देताना त्यांनी स्वतःच्या शैलीची खूण मागे ठेवली नाही. कवीला आपल्या नावाची ओळख पुसली जाणे दुखावणारे वाटू शकते; पण लोकांनी आपला शब्द परंपरेत मिसळून घ्यावा, याहून मोठी पावतीही दुसरी नाही. नियंत्रण सोडण्यातील हानी आणि लाभ येथे एकाच घटनेत एकत्र दिसतात.

अर्थात सामूहिकता ही नाजूक गोष्ट आहे. १९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर ही स्वतःची संस्था काढली. ‘आपण’ एकदा साधले म्हणजे कायमचे साधले, असे नसते.

३.३.५ चौकटीचे महत्त्व

वरील तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. कोठेही सर्वच गोष्टी मोकळ्या सोडलेल्या नाहीत. ओवीला जात्याची लय आणि सूत्रांचा साठा आहे. वगाला कथानक आणि प्रवेशांचा क्रम आहे. चित्रपटाला पटकथा आणि कामांची वाटणी आहे. थोडे नियम सर्वांनी घट्ट धरले, म्हणूनच बाकीचे सैल सोडता आले. चौकट नसेल तर दोनच गोष्टी घडतात : गोंधळ माजतो किंवा सर्वांत मोठ्या आवाजाची व्यक्ती सूत्रे हाती घेते.

जपानमधील ‘रेंगा’ या शृंखलाकाव्यात हे तत्त्व फार स्पष्ट दिसते. अनेक कवी एकत्र बसून एकामागून एक कडवे रचतात. प्रत्येक कडवे लगतच्या आधीच्या कडव्याशी जोडलेले असावे लागते. मात्र त्याच्याही आधीच्या कडव्याच्या आशयापासून ते दूर वळले पाहिजे, असा नियम आहे. परिणामी कोणालाही आपला आवडता विषय फार काळ चालवता येत नाही. १९६९ मध्ये पॅरिस येथे ऑक्टाव्हिओ पाझ यांच्यासह चार कवींनी चार भाषांत मिळून या पद्धतीचा प्रयोग केला. आपल्याकडील भेंड्यांच्या खेळात याचे साधे रूप दिसते. शेवटचे अक्षर तेवढे आपल्या हाती येते. समोरचा त्यावरून कोठे जाईल, हे आपल्या हाती नसते.

३.३.६ सोडणे आणि हिरावले जाणे

येथवरच्या विवेचनावरून नियंत्रणाचा त्याग हा सर्व काळी, सर्वांसाठी सद्गुणच आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो टाळला पाहिजे. जे आपल्याजवळ असते तेच सोडता येते. जात्यावर बसणाऱ्या स्त्रीने आपले नाव स्वेच्छेने सोडले होते काय? तिला कर्तृत्वाचा दावा करण्याची संधीच नव्हती. तिच्या अनामिकतेला केवळ ‘निरहंकार’ म्हणून गौरवणे म्हणजे तिच्यावरील अन्यायाला सुंदर नाव देणे होय. तमाशातही हेच दिसते. दलित आणि भटक्या समाजांतील असंख्य कलावंतांनी वग घडवले, लावण्या वाढवल्या. त्यांतील कितीतरी नावे नोंदलीच गेली नाहीत. आनंद समाजाने घेतला आणि अवहेलना कलावंतांच्या वाट्यास आली.

म्हणून कोणत्याही सामूहिक कलाकृतीविषयी दोन प्रश्न विचारावेत. नियंत्रण सोडण्याची अपेक्षा सर्वांकडून समान होती का? आणि निर्मितीनंतर श्रेय व मोबदला यांची वाटणी कशी झाली? या संदर्भात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभारलेला ओव्यांचा संग्रह उद्बोधक आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांसोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गावही नोंदवले. ओवी सर्वांची असते, हे त्याने खोटे ठरत नाही. सर्वांच्या त्या ओवीला या विशिष्ट स्त्रीने आपला आवाज दिला, एवढेच त्यातून नोंदले जाते. सामूहिकता आणि श्रेय या परस्परविरोधी गोष्टी नाहीत.

तसेच, नियंत्रण सोडणे म्हणजे जबाबदारी सोडणे नव्हे. खुंट्यावरचा हात सैल करणारी स्त्री हात काढून घेत नाही. तिने हात काढला तर सगळा भार दुसरीवर पडतो. सैल हात आणि काढलेला हात यांतील हा फरक ध्यानात ठेवल्यास या घटकाचा मथितार्थ हाती येईल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) बतावणीतील ‘स्वीकार’ म्हणजे काय?
२) ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचे दिग्दर्शन कोणी केले?
३) रेंगा काव्यातील कडव्याला कोणता दुहेरी नियम पाळावा लागतो?

३.४ सारांश

सामूहिक कलानिर्मितीत प्रत्येक सहभागी व्यक्ती आपल्या नियंत्रणाचा काही भाग सोडते. मराठीतील ‘मला सुचले’ यासारख्या रचना आणि ‘आम्ही–आपण’ हा भेद या अनुभवाची भाषिक साक्ष देतात. जात्यावरील ओवी ऐकणे शिकवते, बतावणी स्वीकार शिकवते आणि चित्रपट काम योग्य जागी अपुरे सोडणे शिकवतो. हे शिक्षण सामाईक चौकटीच्या आधारावरच शक्य होते. मात्र स्वेच्छेने सोडलेले नियंत्रण आणि व्यवस्थेने हिरावलेले नियंत्रण यांत भेद केला पाहिजे. श्रेयाची नोंद आणि जबाबदारीचे भान सामूहिकतेला बाधक नसून पोषक असते.

३.५ पारिभाषिक संज्ञा व शब्दार्थ

झीलकरी : मुख्य गायकाच्या मागे सूर धरणारा साथीदार.
वैरण : (येथे) जात्यात एका वेळी घातले जाणारे मूठभर धान्य.
बतावणी : तमाशातील विनोदी, उत्स्फूर्त संवादांचा भाग.
सूत्र : मौखिक काव्यात पुन्हा पुन्हा वापरला जाणारा तयार पदबंध.
संहिता : नाटकादी कलाकृतीचा निश्चित केलेला शब्दरूप पाठ.

३.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १) (ब)  २) (क)  ३) (ब)
प्रश्न २ : १) समोरच्या नटाने केलेली कृती वा उक्ती न नाकारता ती खरी धरून तीत भर घालणे म्हणजे स्वीकार. २) ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन दामले व फत्तेलाल यांनी संयुक्तपणे केले. ३) रेंगातील कडव्याने लगतच्या कडव्याशी नाते जोडावे आणि त्याआधीच्या कडव्यापासून दूर वळावे लागते.

३.७ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘नियंत्रण सोडणे म्हणजे जबाबदारी सोडणे नव्हे’ हे विधान जात्यावरील ओवीच्या आधारे स्पष्ट करा.
२) लोकनाट्याची संहिता कोणती मानावी, याविषयी आपले मत सकारण मांडा.
३) टीपा लिहा : (अ) ‘आम्ही’ आणि ‘आपण’ (ब) चौकटीचे महत्त्व (क) सामूहिक निर्मिती व श्रेय.

उपक्रम : संपर्कसत्राच्या दिवशी चौघांचा गट करून सोळा ओळींची रचना करा. विषय ठरवू नका. केवळ ओळीची लय ठरवा. प्रत्येकाने एक ओळ लिहून कागद पुढे द्यावा. आधीची ओळ खोडू नये, बदलू नये आणि ‘मला असे म्हणायचे होते’ असा खुलासाही करू नये. रचना पूर्ण झाल्यावर प्रत्येकाने दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात : कोणत्या ओळीनंतर आपल्या मनातील योजना सोडावी लागली आणि ती सोडल्यावर आपणांस काय सुचले. ज्यांना संपर्कसत्रास येणे शक्य नाही, त्यांनी हा उपक्रम घरातील किंवा शेजारच्या मंडळींसह करावा. जात्यावर ओव्या गायिलेली एखादी ज्येष्ठ स्त्री त्यांत असल्यास पहिली ओळ तिच्याकडून घ्यावी आणि कागदाच्या तळाशी इतर सर्वांच्या नावांबरोबर तिचेही नाव लिहावे.